‘तुम्हाला हे सांगितलं कोणी?’

रात्री पावणेबारा वाजता दुधाचं पातेलं फ्रीजमध्ये ठेवून दिवा घालवत होतो, तेवढ्यात फोनवर निरोप आला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं ‘खिलार’ आणि फोटोत शिंगं रंगवलेला बैल. ‘सर, मोबाईलचं लिहिता ते तुम्हीच ना? एक दाखवायचंय. झोपला असाल तर उद्या.’

या बैलाची आणि माझी तोंडओळख होती, म्हणजे आम्ही ट्विटरवर एकदा भांडलो होतो. फुगलेल्या बॅटरीवरच्या माझ्या लेखात रात्रभर फोन चार्जिंगला लावण्याबद्दलचं एक वाक्य ढिसाळ झालं होतं. त्यावरून त्याने मला चारचौघांत शिंगावर घेतलं होतं, आणि त्याचं बरोबर होतं म्हणून मी चूक कबूल करून टाकली होती. हा माणूस ऐकून घेतो, असं त्याला बहुधा तेव्हाच वाटलं असावं.

त्याने एका शिक्षणसंस्थेच्या फी-पावतीची लिंक पाठवली. पावती त्याच्या बहिणीची होती आणि पत्त्याच्या शेवटी सहा आकडी क्रमांक होता. ‘शेवटचा आकडा बदलून बघा.’ मी बदलला. भलत्याच मुलीचं नाव, वडिलांचं नाव, मोबाईल नंबर, जातीच्या दाखल्याचा क्रमांक आणि खाली आधार कार्डाची झेरॉक्स. खात्री करायला आणखी एक आकडा बदलला, तर तिसऱ्याची पावती उघडली. तिथे थांबलो. पासवर्ड नाही, ओटीपी नाही, काही नाही. वाड्यात एका बिऱ्हाडाची किल्ली मागावी आणि मालकाने अख्खा जुडगा हातात द्यावा, तसा प्रकार.

दुसऱ्या दिवशी संस्थेला फोन केला. ‘आमची सिस्टीम एकदम सेफ आहे’ असं उत्तर मिळालं. दोन दिवसांनी लिंक गुपचूप बंद झाली आणि तिसऱ्या दिवशी तिकडून फोन आला. किती मुलांची कागदपत्रं किती दिवस उघडी होती, त्यांना कळवायचं कसं, यातलं अवाक्षर नाही. साहेबांचा प्रश्न एकच: ‘तुम्हाला हे सांगितलं कोणी?’

पंधरा-सोळा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की फोनवरचा आवाज खाली आला की तो येणार हे कळतं. पण हल्ली तो फोनवरून कायद्यात शिरलाय. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येकाची ओळख कुठेतरी बांधलेली असावी आणि मागितली की मिळावी, ही मागणी आता शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडी असते. तिच्यामागची चीड मला समजते. तरीही ती मान्य करायची तर आपण खिलारसारख्या माणसाचं तोंड बंद करतोय, हे उघडपणे म्हणावं, असं माझं मत आहे.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार. तंत्रज्ञान पत्रकाराला फुकट फोन मिळतात असं लोकांना वाटतं. मिळतात, पंधरा दिवसांसाठी. मग कुरिअरवाला खोकं घेऊन जातो आणि सिम काढायची पिन आत नव्हती म्हणून दिल्लीहून मेल येतो. सकाळी उठावं तर तीस-चाळीस प्रेसनोट आलेल्या असतात. निम्म्यांवर ‘दुपारी बारापर्यंत एम्बार्गो’, म्हणजे तोवर छापायचं नाही, अशी ताकीद, जणू कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल म्हणजे अणुचाचणीची वेळ. मग मोठ्या हॉटेलात लाँच, बुफे, आणि परतीच्या रिक्षात बसेपर्यंत ‘सर, स्टोरी कधी लावताय?’ मध्येच आतेभाऊ विचारतो, वीस हजारांत कोणता घेऊ. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाचं तरी वायफाय रडत असतं आणि ‘तुम्ही पेपरात आहात ना, बघा जरा’ असा हक्काचा निरोप येतो.

या सगळ्यांना नाव आहे, हुद्दा आहे, कार्ड आहे. त्यांच्याकडून मला मिळतं ते कोणाला तरी छापून हवं असलेलं. छापून यायला नको होतं असं जे काही हाती लागलं, ते बहुतेक वाटेत भेटलेल्या माणसांनी दिलं. कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या वसुली केंद्रातली एक मुलगी आठवते. ग्राहकाच्या फोनमधून नातेवाइकांचे नंबर कसे उचलतात आणि कोणत्या क्रमाने फोन लावतात, हे तिने वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. स्क्रीनशॉट का नाही विचारलं तर म्हणाली, ‘आत जाताना फोन जमा करून घेतात, सर. पाठ करून घरी येऊन लिहिलं.’ तिची-माझी गाठ पडली होती ती एका जुन्या नोकिया फोनच्या रिंगटोनवरून चाललेल्या गप्पांत.

अशा योगायोगाचं मोल किती, याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ‘वायर्ड’ मासिकाचे पत्रकार मॅट होनन. ३ ऑगस्ट २०१२च्या संध्याकाळी ते मुलीशी खेळत असताना त्यांचा आयफोन अचानक बंद पडला आणि चालू झाला तो नव्या फोनसारखा कोरा. पाठोपाठ आयपॅड गेला, लॅपटॉप गेला, गूगल खातं पुसलं गेलं, आणि त्यांच्या ट्विटर खात्यावरून वर्णद्वेषी शेरेबाजी सुरू झाली. मुलीचे जन्मापासूनचे फोटो त्या लॅपटॉपमध्ये होते आणि दुसरी प्रत काढलेली नव्हती. पासवर्ड ओळखून कोणीतरी घुसलं असावं, असा होनन यांचा तर्क होता. त्यांनी तो जाहीरपणे लिहिला, आणि ज्याने हे केलं त्यानेच त्यांना निरोप पाठवला की तुमचा तर्क चुकलाय.

‘फोबिया’ असं टोपणनाव घेतलेल्या, स्वतःला एकोणीस वर्षांचा म्हणवणाऱ्या त्या पोराशी होनन यांनी सौदा केला: मी तक्रार करत नाही, तू कसं केलंस ते सांग. त्याने सांगितलं. एकही पासवर्ड फोडावा लागला नव्हता, सगळं काम ग्राहक सेवेला फोन करून झालं होतं. ॲमेझॉनला फोन करून खात्यात एक नवं कार्ड जोडायचं, पुन्हा फोन करून तेच कार्ड ओळख म्हणून सांगायचं आणि खात्यात शिरायचं. आत मालकाच्या खऱ्या कार्डाचे शेवटचे चार आकडे दिसतात. ॲमेझॉनच्या लेखी हे चार आकडे उघड्यावर ठेवण्याइतके किरकोळ. ॲपलच्या लेखी तेच चार आकडे आणि घरचा पत्ता म्हणजे मालकाची ओळख. पत्ता तर होनन यांच्या संकेतस्थळाच्या नोंदणीतच होता. आणि एवढा सारा खटाटोप कशासाठी, तर ट्विटरवरचं त्यांचं तीन अक्षरी नाव त्या पोरांना आवडलं होतं म्हणून.

लेख आल्यावर दोन्ही कंपन्यांनी फोनवरून चालणारे ते व्यवहार थांबवले. होनन यांनी तक्रार केली असती तर एक पोरगा कदाचित सापडला असता आणि भोक तसंच राहिलं असतं. गुन्हेगाराशी सौदा करावा का, यावर माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. मुलीचे फोटो माझे असते तर मी बहुधा पोलिसांतच गेलो असतो.

उलट बाजूचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला मजेशीर भाग कमी सांगितला जातो. २०१२च्या डिसेंबरात ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला एका अनोळखी माणसाचा मेल आला: आधी सांकेतिक मेलची व्यवस्था करून घ्या, मग बोलू. ग्रीनवाल्ड यांनी ‘करू सावकाश’ म्हणत ते तसंच ठेवलं. पाठवणारा कंटाळून लॉरा पॉइट्रस या माहितीपटकर्तीकडे वळला. तो होता एडवर्ड स्नोडेन, अमेरिकी सरकारची गुप्त पाळत पुढे जगासमोर आणणारा. पुढे ग्रीनवाल्डही त्या बातमीत आले खरे, पण माझ्या इनबॉक्समध्ये न उघडलेले किती मेल पडलेत हे आठवलं की मला अजून धडकी भरते.

आता आपल्याकडे येऊ. जानेवारी २०१८मध्ये चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या वार्ताहर रचना खैरा यांनी व्हॉट्सॲपवर धंदा करणाऱ्या एका अनोळखी एजंटाशी बोलणं केलं, पेटीएमवरून ५०० रुपये भरले आणि दहा मिनिटांत त्यांना लॉगिन मिळालं. कोणताही आधार क्रमांक टाका, त्या माणसाचं नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर समोर. आणखी ३०० रुपयांत कार्ड छापायची सोय. बातमी आली. आधार प्राधिकरणाने बायोमेट्रिक माहिती सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि पोलिसांत तक्रार दिली. गुन्ह्याच्या नोंदीत वार्ताहराचंही नाव होतं. ओरड झाल्यावर गुन्हा अज्ञात व्यक्तींविरुद्ध असल्याचं मंत्र्यांनी सांगितलं. आणि बातमीला आठवडा होतो न होतो तोच प्राधिकरणाने आधार क्रमांकाऐवजी तात्पुरता आभासी क्रमांक द्यायची योजना जाहीर केली. म्हणजे दुखणं खरं होतं, औषधही काढलं. तरी पहिला हात पडला तो सांगणाऱ्यावर.

खिलारची भीती याच जातीची होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली परवानगीशिवाय यंत्रणेत शिरल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्यात ‘अप्रामाणिकपणे किंवा कपटाने’ अशी अट आहे, नाही असं नाही. पण ती अट तपासली जाते कोर्टात, आणि फोन जप्त होतो ठाण्यात. चांगल्या हेतूने भोक दाखवणाऱ्याला संरक्षण देणारं स्पष्ट कलम आपल्याकडे नाही. बहिणीची पावती बघताना ज्याने एक आकडा बदलला, त्याने आपलं खरं नाव का सांगावं?

त्यात आता नव्या गाठी पडल्या आहेत. २०२१च्या नियमांनुसार मोठ्या निरोप-सेवांनी, मागणी झाल्यास, एखादा निरोप देशात पहिल्यांदा कोणी पाठवला ते सांगायला हवं. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०२५च्या नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने आदेश काढला की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम फोनमध्ये असेल तरच ॲप चालावं. कारण दिलं फसवणुकीचं, आणि ते खोटं नाही. भारतीय नंबर घेऊन परदेशात बसलेल्या टोळ्या आहेतच. तिसरी गाठ आमच्यासाठी सगळ्यात घट्ट. न्यायमूर्ती श्रीकृष्ण, ज्यांना मुंबईकर दंगलीच्या चौकशी आयोगामुळे ओळखतात, त्यांच्या समितीने २०१८ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा मसुदा केला. त्यात पत्रकारितेला सूट होती. २०१९च्या विधेयकातही होती. २०२३ साली संमत झालेल्या कायद्यातून ती गळाली. त्या मुलीची पावती पुरावा म्हणून मी जपून ठेवली, तर तिची संमती घेतली होती का, असं मला विचारता येईल. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे, आणि याच कायद्याच्या कलम ३६ खाली सरकार माझ्याकडची माहिती मागवू शकेल. प्रेस कौन्सिलच्या कायद्यात पत्रकाराला स्रोत सांगायची सक्ती करता येत नाही असं लिहिलंय, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. ठाण्यातल्या हवालदाराला ते दाखवून बघा.

मग माझ्याशी वाद घालणारे म्हणतात, दोन-चार बातम्यांसाठी बाकीच्यांनी चोर आणि टवाळ का सोसायचे? प्रश्न रास्त आहे. चोरांचं आधी बघू. आपल्या देशात ओळखपत्राशिवाय सिम मिळत नाही आणि बँकेत खातं निघत नाही, तरी फसवणूक थांबत नाही. एका प्रकरणात फसवणुकीचं सिम कोणाच्या नावावर आहे ते शोधत गेलो तर ते एका ऊसतोड मजुराचं निघालं. तो फडावर होता. ‘दुकानदारानं दोनदा अंगठा घेतला. पयला उमटला न्हाई म्हणला.’ त्या दुसऱ्या अंगठ्यावर निघालेल्या सिमने कोणा पेन्शनराचे पैसे गेले होते. आणि ओळख मागायची सवय पक्की झाली की पोलीस आधी या मजुराच्याच दारात जातात. चोर कागदपत्रांत चोख असतो. भाड्याने घेतलेलं का होईना, त्याच्याकडे खातं असतं. नाव लपवायची गरज पडते ती नोकरी असलेल्याला.

टवाळांचं उत्तर इतकं सोपं नाही. बायकांना बिननावाच्या खात्यांवरून जे ऐकावं लागतं ते माझ्या सहकारी मुलींच्या फोनवर मी पाहिलंय, आणि ते वाचून ‘अभिव्यक्ती’ हा शब्द तोंडातून निघत नाही. पण एक जोडप्रकरण बघा. जुलै २०२१मध्ये ‘सुल्ली डील्स’ नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावाला’ मांडले गेले. त्यात पत्रकारही होत्या. तक्रारी झाल्या आणि सहा महिने कोणाला अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ला त्याचीच नक्कल ‘बुल्ली बाई’ आली. या वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि चार दिवसांच्या आत अटका सुरू झाल्या. त्यानंतरच जुन्या प्रकरणातही पहिली अटक झाली. दोन्हीकडे करणारे खोट्या नावांआड होते. मधल्या सहा महिन्यांत इंटरनेटवर कोणतंही नवं ओळखपत्र आलं नव्हतं. एका पोलीस दलाने मनावर घेतलं, एवढाच फरक.

आणि सक्ती करून पाहिलेला देशही आहे. शिवीगाळ आणि बदनामी थांबावी म्हणून दक्षिण कोरियाने २००७ साली मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्यापूर्वी खरी ओळख पटवणं बंधनकारक केलं. कंपन्यांकडे लोकांच्या नोंदणी क्रमांकांचे ढीग साठले. जुलै २०११मध्ये तिथल्या ‘नेट’ आणि ‘सायवर्ल्ड’ या सेवांमधून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि देशाची लोकसंख्या होती पाच कोटींच्या आसपास. ऑगस्ट २०१२मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. ओळख गोळा करायची म्हणजे ती कुठेतरी ठेवावी लागते, आणि आपण ती कशी ठेवतो ते खिलारने मला रात्री पावणेबाराला दाखवलं होतं.

मराठी माणसाला तरी टोपणनावाचं वावडं नसावं. १८४८पासून मुंबईत भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या सहीने शंभरावर पत्रं आली. त्यांत जातिभेद, भिक्षुकशाही, विधवांचे हाल, कशावरही भीडभाड न ठेवता लिहिलेलं होतं. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकर होते. भाऊ महाजनांनी प्रत्येक पत्रलेखकाकडे वंशावळ मागितली असती, तर ‘प्रभाकर’चे अंक बरेच पातळ निघाले असते.

सरकारलाच बोल लावून मोकळं होणं मात्र खोटेपणाचं होईल. बिननावाच्या माणसाला कंपन्यांनीही कोपऱ्यात ढकललंय. जुन्या ट्विटरवर, म्हणजे आताच्या एक्सवर, पैसे भरणाऱ्याचं उत्तर वर दाखवतात. आज तो बैल माझ्याशी भांडलाच असता, पण निळी खूण नाही म्हणून चारशे उत्तरांच्या तळाशी राहिला असता आणि ढिसाळ वाक्य तसंच राहिलं असतं.

आणि आम्ही पत्रकार. वसुली केंद्रातल्या त्या मुलीने नंतर एकदा हिंमत करून पडद्याचा फोटो पाठवला होता. मी तिचं नाव कुठेच येऊ दिलं नाही, ग्राहकांची नावं काळी केली, स्वतःवर खूश झालो आणि फोटो छापला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दोन आकडे होते, बारीक, करडे. तो टेबलाचा क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी तिला आत बोलावून घेतलं. तिने मला एकच ओळ पाठवली: ‘कोपरा बघायला हवा होता, सर.’ त्यानंतर तो नंबर लागला नाही. ही चूक ना कायद्याची, ना कंपनीची. तेव्हापासून आमच्याकडे छापायला जाणारा प्रत्येक फोटो आधी दुसरा कोणीतरी बघतो, आणि कोपऱ्यापासून बघतो.

म्हणून कायद्याकडे मागताना मी थोडंच मागतो. माहिती संरक्षणाच्या कायद्यात पत्रकारितेची गळालेली सूट परत आणा, तिच्याबरोबर आमच्यावर जपून हाताळायची बंधनं घाला, हरकत नाही. भोक दाखवून नुकसान न करणाऱ्यावर गुन्हा नोंदवण्याआधी वरिष्ठ अधिकाऱ्याची लेखी कारणं असू देत. खरोखरच्या गुन्ह्यात न्यायालयाच्या आदेशाने ओळख मागा. ती शोधता येते, हे बुल्ली बाईच्या वेळी दिसलं. आणि फी-पावत्या उघड्या ठेवणाऱ्या संस्थेला कोणीतरी, पत्रकाराला फोन करण्याआधी, विचारा की पोरांना कळवलंत का.

त्या संस्थेच्या साहेबांना मी तेव्हा काय सांगितलं? ‘एका वाचकाने.’ ‘नाव?’ ‘माहीत नाही.’ त्यांना वाटलं मी लपवतोय. मी खरं बोलत होतो.

परवा, जवळजवळ दोन वर्षांनी, शिंगं रंगवलेला बैल पुन्हा वर आला. मी बसमध्ये होतो. शेजारच्याला दिसू नये म्हणून फोन आडवा धरून निरोप उघडला.

‘सर, बहिणीसाठी पंधरा हजारांत कोणता घेऊ?’

बॅटरीचं काय ते तुम्हीच मला सांगा, असं लिहून मी दोन मॉडेलांची नावं पाठवली.